न बोलावलेले पाहुणे

पाठ टेकवून निवांत बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. मन हळूहळू अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्ज या लहानशा गावी नेऊ या. इथे फ्रेंच ब्रॉड नदीच्या काठाला जमिनीतून ऊन पाणी येतं. कधीकाळी पडलेला पाऊस खोल मुरतो, पृथ्वीच्या पोटात तापतो आणि पुन्हा वर येतो. त्या उबेपाशी थोडा वेळ थांबा.

1828 मध्ये नदीकाठाने रस्ता झाला. टेनेसीकडून डुकरांचे, गुरांचे, टर्की पक्ष्यांचे कळप दक्षिणेच्या बाजारांकडे निघाले. 1831 मध्ये जेम्स पॅटन यांनी ही जागा घेतली आणि इथे मोठं हॉटेल उभं राहिलं. त्याच्या दर्शनी भागी तेरा पांढरे खांब होते, पहिल्या तेरा वसाहतींची आठवण म्हणून. धुळीने माखलेले कळप हाकणारे आणि हवापालटासाठी आलेले धनिक एकाच वाटेने येत होते. दोघांनाही विसावा हवा होता. तुम्हाला असा विसावा शेवटचा कुणी दिला? त्या माणसाला मनात येऊ द्या.

1884 मध्ये ते हॉटेल जळालं. दोनच वर्षांत माउंटन पार्क नावाचं नवं हॉटेल उभं राहिलं. संगमरवरी स्नानकुंडं, रुंद व्हरांडे, हिरवळ. पूर्वीपेक्षा गरम झरा सापडला आणि तोवर वॉर्म स्प्रिंग्ज म्हटल्या जाणाऱ्या या गावाचं नाव हॉट स्प्रिंग्ज झालं.

आता 1917 पाशी जरा जास्त थांबू या. अमेरिका महायुद्धात उतरली. तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन व्यापारी जहाजांवरचे दोन हजारांहून अधिक लोक या गावात आणून ठेवले गेले. अधिकारी हॉटेलच्या खोल्यांत, खलाशी आवारात बांधलेल्या बराकींत, भोवती कुंपण. या माणसांनी नदीत वाहून आलेली लाकडं वेचून आपल्या देशातल्यासारखी छोटी घरं बांधली. तंबाखूचे डबे ठोकून सपाट केले आणि त्या पत्र्यांचं प्रार्थनाघर उभारलं. त्यांचा वाद्यवृंद वाजू लागला की गावकरी ऐकायला जमत.

हे चित्र घाईने पुसू नका. सरकारी कागदावर ते शत्रू होते. गावाने त्यांचं संगीतही ऐकलं.

1918 मध्ये विषमज्वराची साथ आली. त्यांच्यातले अठरा खलाशी जवळच्या अ‍ॅशव्हिल शहरातल्या दफनभूमीत आहेत. 1932 मध्ये तिथे त्यांचं स्मारक उभं केलं ते अमेरिकेच्याच माजी सैनिकांच्या संघटनेने. माउंटन पार्क 1920 मध्येच जळून गेलं होतं.

आता स्वतःकडे वळा. पैसे मोजून आलेल्याचं स्वागत करणं हा व्यवसाय आहे, आणि तो चांगलाही असू शकतो. परिस्थितीने दारात आणून सोडलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, तिथे आपला स्वभाव दिसतो. तुमच्या घरात, कामावर, शेजारी असं कोण आहे? त्याचा चेहरा आठवा. त्याच्याविषयीचं मत लगेच बदलायची गरज नाही. आज त्याचं म्हणणं एकदा पूर्ण ऐकून घ्या.