दारूचे माप

साधन काळजीपूर्वक सिद्ध केले म्हणजे त्या साधनाने घडणारे कृत्यही निर्दोष ठरते काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु एका काहीशा विक्षिप्त छंदाची हकीकत वाचताना तो मला नव्याने पडला.

1873 साली अमेरिकेतील विंचेस्टर कारखान्याने एक रायफल बाजारात आणली. खालचा दांडा पुढे लोटून मागे ओढला की झाडलेले काडतूस बाहेर पडावे व भरलेले आत यावे, अशी तिची रचना. तिच्या काडतुसात चाळीस ग्रेन काळी दारू आणि दोनशे ग्रेन वजनाची शिशाची गोळी असे. पुढे 1884 साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि सोरा, गंधक व कोळसा यांच्या प्राचीन मिश्रणाचे राज्य संपत आले. असे असताही, त्या रायफलीच्या नव्या प्रतिकृती घेऊन तीत काळीच दारू, आणि तीही स्वहस्ते भरणारे हौशी लोक आज तेथे आहेत. हल्लीच्या पितळी काडतुसांच्या भिंती जाड असल्यामुळे जुने माप त्यांत सहजी मावत नाही; दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी तर राहता कामा नये. जळलेल्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने उरून नळीत कीट धरतो. ते मऊ राहावे म्हणून गोळीला मेणाचे व चरबीचे लेपण द्यावे लागते. कागदी लक्ष्यावर पाच गोळ्या झाडावयाच्या, भोके किती जवळ पडली ते पाहावयाचे, माप किंचित बदलावयाचे, पुन्हा झाडावयाच्या, आणि शेवटी पाण्याने नळी धुवीत बसावयाचे. सोपा मार्ग मोकळा असता हा खटाटोप कशासाठी? ते म्हणतात, वस्तू तिच्या स्वभावाप्रमाणे जाणून घेण्यासाठी. या उत्तरात काहीतरी आदरणीय आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

आपल्या देशात परवान्यावाचून घरी काडतुसे भरणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि तो तसा असावा हेच युक्त होय. परंतु दारू मोजणारा हात खानदेशाला अपरिचित नाही. 1825 साली धरणगावास भिल्ल पलटण उभारणारा औट्रम शिकारी म्हणूनच भिल्लांच्या मनात शिरला, आणि चाळीसगावाहून कन्नडकडे चढणारा घाट अद्याप त्याच्या नावाने ओळखला जातो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याने ठेवलेली ठासणीची बंदूक पुढेही अनेक शेतकऱ्यांच्या घरी असे. आमच्या आजोबांची तशीच होती. शिंगाच्या मापाने ते दारू घेत, काठावरून बोट फिरवून जास्तीचा कण पाडीत, नळीत ओतीत, चिंधीचा बोळा घालून गजाने ठाशीत. मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि अगदी शेवटी टोपी. हे चालू असेतो आम्हा मुलांना बोलण्याची मनाई असे. “मापात चुकलेली दारू आधी धन्यालाच खाते,” असे ते म्हणत.

स्वहस्ते माप घेण्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. पहिली संयमाची. ज्याला एका बारासाठी एवढे श्रम पडतात तो उगाच बार काढणार नाही. दुसरी ज्ञानाची, आणि ती मला अधिक वजनदार वाटते. 1857 च्या आरंभी एन्फील्ड रायफलीच्या कागदी काडतुसाला कोणती चरबी लावली आहे, हे शिपायाला ठाऊक नव्हते. आणि ते काडतूस तर दातांनी तोडावयाचे होते. पुढे आपापल्या पसंतीचे तेल-मेण लावण्याची मुभा मिळाली, पण तोवर विश्वास उडून गेला होता. त्या उठावाची इतर कारणे पुष्कळ होती; तरी, आपण जे हाती धरतो त्यात काय भरले आहे हे जाणण्याचा माणसाला अधिकार आहे, एवढे त्या काडतुसाने शिकविले. स्वतः भरणाऱ्याला “मला ठाऊक नव्हते” असे म्हणण्याची सोय उरत नाही. जबाबदारीचा आरंभ येथेच होतो.

मात्र आरंभच. एका मार्गशीर्षातल्या रात्री आमच्या मळ्यात ज्वारीच्या ताटांत खसखस झाली. आजोबांनी बंदूक उचलली, नेम धरला, चाप ओढला. बंदूक चोख चालली. धूर विरल्यावर आम्ही कंदील घेऊन गेलो, तो शेजाऱ्यांची दावे तोडून आलेली कालवड पडलेली. अजून धापा टाकीत होती. शेजाऱ्यांनी भरपाई घेतली नाही, पण पुढे ते आमच्या ओट्यावर कधी बसलेही नाहीत. “माप तर बरोबर होते,” असे आजोबा एकदा म्हणाले आणि स्वतःच थबकले. आठ दिवसांनी त्यांनी बंदूक सरकारजमा केली.

त्या एका वाक्यात या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. श्रमाने संयम येतो, हा आपला समज अर्धाच खरा. ज्याने तयारीत वेळ घालविला त्याला बार न काढता परतणे अधिक जड जाते; केलेले श्रम फळ मागतात. ठासणीची बंदूक तर एकदा भरली की ती रिकामी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती झाडणे हाच! आणि साधनावरचा भरवसा जितका वाढतो तितकी शेवटच्या क्षणीची शंका थोडकी होते. आजोबांचे ज्ञान नळीच्या आतले होते. नळीच्या पुढे काय उभे आहे, हे ज्ञान निराळे; ते कोणत्याही मापाने मिळत नाही.

2017 सालच्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात एका बिबट्याने माणसांचे बळी घेतले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. डिसेंबरात त्याला गोळी घालण्यात आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा प्राणी मनुष्यजीवितास धोकादायक झाला आहे, आणि त्याला पकडणे वा बेशुद्ध करणे शक्य नाही, अशी खात्री करून मुख्य वन्यजीव रक्षकाने सकारण लेखी आदेश द्यावा लागतो. कापूस वेचावयास रोज शेतात जाणे ज्यांना चुकत नव्हते त्यांना हा विलंब निष्ठुर वाटला असल्यास नवल नाही. आदेशाच्या प्रतीक्षेत गेलेला प्रत्येक दिवस त्यांच्या जिवावरचा होता. तरीही कायद्याने संयमाची जागा अचूक निवडली आहे, असेच म्हणावे लागते. तो दारू किती भरली हे विचारीत नाही. समोर कोण आहे, आणि दुसरा उपाय खरोखर उरला नाही काय, हे विचारतो. हा प्रश्न विचारण्याची किंमत कधी फार मोठी असते. ती नाकारून कायद्याचे समर्थन करणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण तो प्रश्नच न विचारण्याची किंमत कोणी मोजीतही नाही, कारण ती बहुधा मुक्या जिवांकडून वसूल होते.

कागदावर गोळ्या झाडणाऱ्या त्या हौशी माणसांची चिकाटी मला हास्यास्पद वाटत नाही. त्यांचा गुण खरा आहे. त्याची कसोटी मात्र स्वस्त आहे, कारण त्यांची चूक कागदाला सोसावी लागते. इतरांनी, मग ते शस्त्र चालविणारे असोत, शासन करणारे असोत की लेखणी चालविणारे, आपल्या तयारीच्या नेटकेपणाला विवेक समजण्याची घाई करू नये.

आजोबांचे ते शिंगाचे माप अजून माझ्यापाशी आहे. कधी हाती घेतले म्हणजे काठावरून बोट आपोआप फिरते. दारू किती, एवढेच ते सांगू शकते. समोर कोण, हे त्याला विचारून उपयोग नाही.