न पाहिलेला चावा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या लोंढ्याने पुण्याच्या पेठा बुडवल्या. चढलेले पाणी पाहून ‘वर मोठा पाऊस झाला असणार’ एवढेच म्हणणारा त्या दिवशी चुकला असता.

गौतमांच्या न्यायसूत्रांत नेमका हाच आक्षेप आहे. नदीचा पूर पाहून वरच्या पावसाचे अनुमान करावे, तर पाणी अडल्यानेही नदी फुगते. मग न पाहिलेल्या गोष्टीचे ज्ञान होते तरी कसे? या सूत्रांवरचे वात्स्यायनांचे भाष्य सांगते, की नुसते चढलेले पाणी हा पुरावाच नव्हे. वेगवान धार, फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे हे सारे एकत्र दिसले, तरच ती पावसाची खूण.

हे उत्तर किती दूरवर पोचते, ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या स्मायलोडॉन या लांब सुळ्यांच्या, मार्जारकुळातल्या शिकारी प्राण्यापाशी कळते. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या सर्वांत मोठ्या जातीचा सुळा मुळासकट २८ सेंटिमीटरपर्यंत भरतो. एवढा सुळा म्हणजे तो भक्ष्याला भोसकायचाच, असे वाटणे साहजिक आहे. पण हिमालयातल्या कस्तुरीमृगाच्या नरालाही लांब सुळे असतात, आणि तो पाला खातो! भांडारकर संस्थेने १९२८ साली छापलेल्या झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’च्या परिभाषेत, नुसती लांबी हा व्यभिचारी हेतू, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट नसतानाही आढळणारी खूण.

म्हणून सोबतच्या खुणा पाहाव्या लागतात. सुळा दोन्ही बाजूंनी चपटा, म्हणजे आडवा हिसका बसला तर मोडणारा. जबडा सिंहापेक्षा कितीतरी जास्त उघडणारा, पण २००७ सालच्या संगणकीय अभ्यासानुसार चाव्याचा जोर सिंहाच्या जेमतेम एक तृतीयांश. पुढच्या पायांची हाडे मात्र विलक्षण जाडजूड आणि मान दणकट. या सगळ्यांना एकत्र बांधणारे अनुमान असे: आधी पंजांनी भक्ष्य जमिनीवर दाबून धरायचे, ते हलेनासे झाले की मानेचा जोर लावून सुळे गळ्यात रुतवायचे. आज बहुतेक अभ्यासक हेच मानतात.

प्रत्यक्षच हवे म्हणणाऱ्या चार्वाकाला याकुतियाच्या गोठलेल्या मातीने २०२० मध्ये थोडे दिले. त्याच कुळातल्या होमोथेरियमचे केसांसकट टिकलेले पिल्लू तिथे सापडले. त्याची मान सिंहाच्या छाव्याहून कितीतरी जाड निघाली. पण वय अवघे तीन आठवडे. चाव्याचे उत्तर त्याच्याकडेही नव्हते.

आणि अनुमानालाही अजून स्वस्थता नाही. हे सुळे हाडावर आपटले तर मोडतील, म्हणून हा प्राणी हाड टाळत असावा, असे धरले जाई. २०१९ साली अर्जेंटिनातल्या स्मायलोडॉनच्या दोन कवट्यांवर, डोळ्यांच्या मध्ये, भोके नोंदली गेली. त्यांत नीट बसतो तो दुसऱ्या स्मायलोडॉनचाच सुळा.