काटा उचलला, ठेवला कुठे?

रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणे हाही सदका आहे, ही शिकवण आपल्या घरांतून मुलांना अगदी लहानपणी दिली जाते. शिकवण सोपी आहे. म्हणूनच तिच्यातला अवघड प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उचललेला काटा ठेवायचा कुठे? तो दुसऱ्याच्या वाटेवर टाकला तर सवाब मिळेल, की गुनाह पदरी पडेल? नगरपालिकेच्या कचरा नियोजनामागचा नैतिक प्रश्न हाच आहे.

पारोळ्याचेच उदाहरण घेऊ. 1727 साली बांधलेला भुईकोट किल्ला, सुरतेकडून नागपूरकडे जाणारा महामार्ग, आजूबाजूला कपाशी आणि तालुक्यातून वाहणारी बोरी नदी. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 37 हजारांच्या वर होती. माणशी रोज 300 ग्रॅम कचरा धरला, तरी दिवसाला 11 टन होतो. तो रोज कुठेतरी न्यावाच लागतो. मोहल्ल्यात घंटागाडी वेळेवर येत नसेल तर तक्रार करणे हा आपला हक्क आहे. पण गाडी वळणाआड गेली की आपली जबाबदारीही नजरेआड होते.

गाडी जिथे रिकामी होते, तिथेही माणसे राहतात. पुण्याचा कचरा 1981 पासून उरुळी देवाचीच्या शिवारात जाऊ लागला. पुढे तिथल्या आणि फुरसुंगीच्या विहिरींचे पाणी बिघडले, लोकांनी गाड्या अडवल्या. शहराने त्याला ‘कचराकोंडी’ म्हटले. म्हणजे कोंडी झाली ती शहराची! गावाने इतकी वर्षे सोसलेली घुसमट त्या शब्दात कुठेच नाही.

अलमित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर 2000 साली घनकचऱ्याचे नियम आले आणि 2016 साली नवे नियम झाले. कचराभूमी नदीपासून 100 मीटर आणि तळे, महामार्ग, वस्ती, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासून 200 मीटर दूर असावी, असे 2016 च्या नियमांनी ठरवले. असे अंतर हवेच. पण त्या 200 मीटरच्या पलीकडे कोण राहतो? बहुधा तोच, ज्याच्या जमिनीला भाव नाही आणि ज्याचा आवाज पालिकेच्या सभागृहापर्यंत पोहोचत नाही. जागा ठरवणाऱ्याने ती स्वतःच्या घराशेजारी मान्य केली असती का, हा प्रश्न कुठल्याच नकाशावर लिहिलेला नसतो.

घातक कचऱ्याची गोष्ट याहून बिकट आहे. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी तळोजा, बुटीबोरी, रांजणगाव येथे केंद्रे उभी राहिली. पण कपाशीवर फवारलेल्या औषधाची रिकामी बाटली, फुटलेली ट्यूबलाइट, जुने सेल, मुदत संपलेल्या गोळ्या? घरातल्या अशा कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, असे 2016 च्या नियमांत होते. आपल्या गावात ते कुठे आहे, हे प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारून पाहावे. केंद्र नसले की ती बाटली शेवटी कचरा वेचणाऱ्या बाईच्या किंवा भंगारवाल्याच्या हातात जाते. भंगाराच्या धंद्यात आणि मालेगावच्या प्लास्टिक गिट्टीच्या कारखान्यांत आपल्या समाजातले कितीतरी हात राबतात. काच त्यांना कापते, धूर त्यांच्या छातीत जातो. तेव्हा हा प्रश्न परक्याचा समजून चालणार नाही.

लहान नगरपालिकेकडे पैसा नाही, जागा नाही, मग करायचे काय, असे कुणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण वेंगुर्ला ही पारोळ्याहूनही लहान नगरपरिषद. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरोघरी कचरा वेगळा करण्याचा आग्रह धरला गेला आणि कचरा डेपोची जागा लोक मुद्दाम पाहायला येतील अशी झाली. ओले, सुके आणि विषारी घरातच वेगळे झाले, तर दुसऱ्याच्या शिवारात जाणारे ओझे निम्म्याहून कमी होऊ शकते. त्यासाठी पैशाआधी सवय बदलावी लागते, आणि ते कुणा अधिकाऱ्याच्या नव्हे, आपल्याच हातात आहे.

बकरी ईदचेही तसेच. कुर्बानीनंतरची आतडी आणि रक्त नाल्यात सोडून आपले अंगण पाक झाले असे मानायचे का? ईदच्या आधीच पालिकेकडे खड्ड्याची आणि वेगळ्या गाडीची मागणी करणे, आणि मग सगळी घाण तिथेच पोहोचवणे, हे कुर्बानीच्या तयारीचाच भाग समजले पाहिजे.

प्रभागाचा नगरसेवक भेटला की गाडी कधी येते हे जरूर विचारावे. त्याच्या जोडीला ती रिकामी कुठे होते, तिथल्या लोकांना कुणी विचारले होते का, आणि त्यांच्या विहिरीचे पाणी कुणी तपासते का, हेही विचारावे.