दिवा आणि आडोशाचा हात

कोंकणांतल्या कोणत्याही घराच्या अंगणांत तिन्हीसांजेला उभें राहावें. समुद्रावरचा वारा अजून पडलेला नसतो. घरांतून एखादी बाई तुळशीपुढें ठेवावयाचा दिवा घेऊन बाहेर येते आणि नकळत मोकळा तळवा ज्योतीआड धरते. बोटें तांबूस उजळतात, चेहऱ्याची एक बाजू क्षणभर सोन्यासारखी दिसते, आणि दिवा वृंदावनाच्या कोनाड्यांत गेला कीं सर्व संपतें. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत हें दृश्य कोणीं पाहिलेलें नाहीं? मग त्याचें चित्र एकालाच कां सुचावें?

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ सालीं सावंतवाडीस झाला. तें संस्थान पुढें १९४८ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांत आलें आणि १९८१ पासून तो मुलूख सिंधुदुर्गांत मोडतो. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकून त्यांनीं १९०८ सालीं स्वतःची चित्रकला-संस्था काढली. हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें 'ग्लो ऑफ होप' हें त्यांचें विख्यात जलरंगचित्र १९४५-४६ च्या सुमाराचें. दिवाळीच्या वेळीं आपली कन्या गीता हिच्या हातांत दिवा पाहून तें त्यांना सुचलें, आणि मग तिला तशीच उभी करून त्यांनीं तें रंगविलें, अशी हकीकत सांगतात.

येथें एक आक्षेप उभा राहतो. पहिल्या वेळीं दिवा वाऱ्यासाठीं झांकला जातो, दुसऱ्या वेळीं चित्रकारासाठीं. मग चित्रांत उरलें तें सत्य, कीं सत्याची नक्कल?

या आक्षेपाच्या मुळाशीं एक समजूत आहे. प्रेरणा विजेसारखी वरून पडते, आणि त्यानंतरचें सर्व केवळ हमाली, ही ती समजूत. जलरंगाचें काम तिला टिकूं देत नाहीं. तैलरंगांत काळोखावर मागाहून उजेड चढवितां येतो. पारदर्शक जलरंगांत उजेड कागदाचाच असतो, चित्रकारानें तो फक्त राखावयाचा. ज्योत कोठें असेल हें पहिला कुंचला टेकण्यापूर्वींच ठरवावें लागतें, आणि तेथला शुभ्रपणा अखेरपर्यंत सांभाळावा लागतो. वाऱ्यापुढें तळवा धरणारी बाई आणि कागदापुढें बसलेला चित्रकार, दोघेंही एकच काम करीत असतात. म्हणून तो दुसरा प्रसंग मला पहिल्याची नक्कल वाटत नाहीं. पहिल्या क्षणाशीं राखलेलें तें इमान आहे.

साठी उलटलेल्या त्या हाताला ही राखण अवगत होती, म्हणूनच डोळ्यांना तो दिवा चित्ररूपानें दिसला. जें आपल्याला धरतां येणार नाहीं, तें आपण बहुधा पाहतही नाहीं. परंतु याचा अर्थ कौशल्य म्हणजेच प्रेरणा, असा नव्हे. सराव अनेकांपाशीं असतो. घरच्या, रोजच्या, तेलवातीच्या दिव्यापुढें थांबावेंसें वाटणें हें सरावानें येत नाहीं. त्याला ममता लागते. ममतेनें थांबावें आणि अभ्यासानें राखावें, या दोहोंच्या भेटीलाच आपण प्रेरणा म्हणतों.

हें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्याच्या संग्रहांत आहे. राजा रविवर्मा १९०६ सालींच निवर्तले, तरी कित्येक प्रेक्षक तें त्यांचेंच समजतात. कोणी म्हणेल, चित्र उरलें, नांवाचें काय? हें औदार्य दुसऱ्याच्या नांवावर दाखविणें सोपें आहे. ज्योतीआड धरलेल्या हाताची पाठ नेहमीं अंधारांतच राहते, हें खरें. पण उजेडांत ज्यानें डोळे भरून पाहिलें, त्यानें तो हात कोणाचा होता एवढें तरी विचारावें. तितकें ऋण त्याच्यावर आहेच.