वावर मामाचं, दगड कोणाचा?

'अकृषिक' हा शब्द मला आधी फक्त प्लॉटच्या जाहिरातींमुळे माहीत होता. नागपुरात वर्धा रोडने गेलात तर दर दोन मिनिटांनी दिसतो: एनए प्लॉट, लोनची सोय. अकृषिक म्हणजे शेती नसलेलं. या शब्दातून तिथे काय नसेल ते कळतं, काय असेल ते कळत नाही. बंगला, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय आणि दगडाची खदान, शेतीच्या बाजूने पाहिलं तर सगळं एकच. बंगला निदान पाडता येतो. मंगल कार्यालयाच्या जागी कोणी परत तूर पेरायची म्हटलं तर जड जाईल, पण जमेल. साठ फूट खोल खदानीत काय पेरणार?

हा प्रश्न मला हौस म्हणून पडलेला नाही. माझ्या मामाचं काटोल तालुक्यात चार एकर वावर आहे, बरड. वीतभर माती, खाली काळा दगड. पराटी आणि तूर घेतो. दोन वर्षांपासून एक क्रशरवाला मागे लागलाय: वावर भाड्याने द्या, परवानगीचं मी पाहतो. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून मामाने ती सगळी फाईल मला व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली एक ओळ: "पाह्य बापा, सही करू का नको?"

त्याचं वावर, त्याची मर्जी, हे सोपं उत्तर. कायदा मात्र तसं म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर हक्क राज्य सरकारचा. गिट्टीचा दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. सातबारा मामाच्या नावावर असला तरी विकायला काढलेल्या दर ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, सरकारला स्वामित्वधन भरावं लागतं. शब्द नीट वाचा. स्वामी दुसराच आहे. हे सगळीकडे असंच आहे असंही नाही. केरळातल्या मलबारच्या जमीनमालकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 साली सांगितलं की हक्क काढून घेणारा कायदा नसेल तर जमिनीखालचं खनिजही मालकाचंच. थोडक्यात, दगड कोणाचा ते माणसं ठरवतात.

जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात मालकीचं एक कारण दिलं होतं: ज्यात तुम्ही मेहनत मिसळली ते तुमचं. (इतरांसाठीही पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे, अशी अट त्याने सोबत घातली होती. ती लोक सोयीने विसरतात.) हे मी मामाच्या वावराला लावून पाहिलं. त्याची मेहनत आहे कुठे? मातीत. आजोबांनी आणि त्याने वर्षानुवर्षं गोटे वेचून धुऱ्यावर टाकले, बांध घातले, शेणखत ओतलं. खालचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला. दख्खनच्या त्या थरांचा पूर्वेकडचा काठ नागपुरातच येतो, सीताबर्डीची टेकडी त्याचाच भाग. आता खदानीचं पहिलं काम काय असतं? वरची माती उकरून बाजूला लोटणं. मामाच्या घराण्याने केलेलं ते सगळं कचरा ठरतं, आणि कोणीच न केलेलं विकलं जातं.

मग 'काळ्या आईला विकू नकोस' असं त्याला सांगायचं का? हे सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ते बहुतेक तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्या मजल्याच्या स्लॅबमध्ये गिट्टी आहे. नागपुरात काटोल रोडला गिट्टीखदान नावाची आख्खी वस्ती आहे, पोलीस ठाणंही त्याच नावाचं. आता तिथे घरं आहेत आणि दगड गावांकडून येतो. नागपूरहून सुटणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपण रीलमध्ये पाहतो, त्याच्याखालीही कुठलीतरी टेकडी आहे. "पराटीत काय उरते, ते तूच सांग मले," मामा म्हणतो. माझ्याकडे उत्तर नाही. शेती सोडायचा त्याला पूर्ण हक्क आहे, असं मी मनापासून मानते.

पण शेती सोडणं त्याच्या एकट्याचं आहे, खदान उघडणं नाही. धुऱ्यापलीकडे दुसऱ्याची संत्र्याची बाग आहे, तिची विहीर आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडात पाणी असतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत. खदान त्या पाण्याच्या खाली गेली की उपसा करावा लागतो, आणि तीच भेग शेजारच्या विहिरीला जोडलेली असेल तर तिचंही पाणी जातं. उन्हाळ्यात संत्र्याचं झाड पाण्यावाचून उभं राहत नाही. बागेवर बसणारी धूळ वेगळीच.

या शेजाऱ्याबद्दल फायलीत काय आहे? ग्रामपंचायतीचा 'ना-हरकत' ठराव. बस्स. पूर्वी लग्नाच्या बैठकीत मुलगी गप्प राहिली की 'तिची काही हरकत नाही' म्हणायचे, त्याच जातीचा हा शब्द. अकृषिक आणि ना-हरकत, दोन नकार जोडून एक परवानगी तयार होते, आणि 'हो, हे इथे व्हावं' असं त्या फायलीत कोणीच म्हटलेलं नाही.

फेब्रुवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. लहान लहान तुकडे पाडून नियम चुकवता येतो, आणि एकेक तुकडा किरकोळ वाटला तरी सगळ्यांचा मिळून परिणाम मोठा होतो, हे कोर्टाने ओळखलं. मामाच्या फायलीत मात्र एकच गट नंबर आहे. बाजूच्या गटात काय आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

मामाला मी 'नको' म्हटलं नाही. करारात घालायला दोन अटी लिहून पाठवल्या. वरची माती वेगळी साठवून ठेवायची. आणि पहिला सुरुंग लागण्याआधी धुऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी त्या त्या मालकासमोर मोजून करारात लिहायचं, पुढे घटलं तर भरपाई. क्रशरवाला फोनवर हसला. "मॅडम, असं कोणी लिहून देत नाही." सही अजून झालेली नाही. अटींचा कागद मामाने संत्र्याच्या बागवाल्याला वाचून दाखवला. त्याला ग्रामपंचायतीचा ठराव झाल्याचंही तेव्हाच कळलं.