सापडलेला मासा आणि राहिलेले देणे

आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणायची पद्धत आहे. खऱ्या सॅमनच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. मी ज्या माशाविषयी लिहितो आहे तो मात्र अस्सल त्या कुळातला, पण जन्मभर सरोवरातच राहणारा. जपानच्या अकिता प्रांतातले ताझावा सरोवर ४२३ मीटर खोल, त्या देशातले सर्वांत खोल. त्याच्या खोल, थंड पाण्यात काळपट रंगाचा कुनिमासू राहत असे आणि तो जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. तात्सुको नावाची मुलगी रूपाच्या हव्यासापायी सरोवरातली नागीण झाली, आणि तिच्या आईने दुःखाने पाण्यात भिरकावलेल्या जळत्या लाकडाचा हा मासा झाला, अशी तिथली दंतकथा.

१९४० साली तामा नदीचे पाणी या सरोवरात वळवण्यात आले. या नदीला वरच्या अंगाला गरम झऱ्याचे पाणी मिळते आणि ते अक्षरशः तेजाब असते. त्याचा पीएच सुमारे १.२. खालच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या या 'विषारी पाण्या'चा जाच सोसला होता. सरोवराच्या अफाट साठ्यात ते सौम्य करावे, त्यावर वीज करावी, शेतीला द्यावे, असा हिशेब. हिशेब दुष्टपणाचा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पण कुनिमासू संपला, आणि त्याच्यावर जगणाऱ्या कोळ्यांचा धंदाही संपला.

मात्र त्याआधी, १९३५ मध्ये, त्याची एक लाख अंडी फुजी पर्वताच्या पायथ्याच्या साइको सरोवरात पाठवली गेली होती. ती पाठवणाऱ्यांच्या मनात वंशरक्षण नव्हते. तिकडेही मासेमारी व्हावी, एवढेच. पुढे सगळे ते विसरले. २०१० साली क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक तेत्सुजी नाकाबो यांनी 'साकाना-कुन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या चित्रकाराला कुनिमासूचे चित्र काढायला सांगितले. नमुना म्हणून त्याने साइकोतून जवळच्या जातीचे मासे मागवले, तर त्यांत काळे मासे निघाले. कोळ्यांना ते ठाऊक होते, पण नेहमीच्याच माशांतले काळे म्हणून. मग कल्ल्यांतले कंगव्यासारखे दाते मोजले, जठराजवळच्या बोटांसारख्या पिशव्या मोजल्या, अंडी घालण्याचा काळ आणि खोली ताडून पाहिली, जनुके तपासली. तो कुनिमासूच होता.

ही हकिगत सांगितल्यावर एक स्नेही म्हणाले, ''मग बिघडले काय? मासा तर आहे!'' प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समजा, घरातले मोडीतले कागद कुणी बंबात घातले आणि पन्नास वर्षांनी त्यांची नक्कल आत्याच्या सासरी बडोद्याला सापडली. आनंद होईलच. पण कागद जाळणाऱ्याच्या पदरात त्याचे पुण्य कसे घालणार? मासा वाचला तो योगायोगाने. १९४० चा निर्णय त्याने धुऊन निघत नाही.

म्हणूनच जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१३ मध्ये केलेला बदल मला मोलाचा वाटतो. 'नामशेष' या वर्गातून काढून त्यांनी कुनिमासूला 'मूळ अधिवासात नामशेष' या वर्गात घातले. साइकोत तो मोकळा फिरतो, स्वतःची वीण वाढवतो, तरीही! स्नेह्यांना हा कारकुनी काटेकोरपणा वाटला. आपल्यासारख्या, पिढ्यानपिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात रुजलेल्या लोकांना तर तो शब्द टोचेलही: इतकी वर्षे या पाण्यात काढून अजून उपरेच का? पण नीट पाहिले तर ती नोंद माशाला उणे लेखत नाही. ती ताझावाविषयी बोलते. देणे माशाचे जितके, तितकेच त्या पाण्याचेही आहे, आणि ते फिटलेले नाही.

संशोधकांपुढचा पुढचा पेच याहून अवघड. साइकोतले मासे काढून परत न्यावेत, तर एकुलत्या एका वस्तीला धक्का लागू शकतो. आणि न्यायचे तरी कुठे? १९९१ पासून झऱ्याचे पाणी चुनखडीने निवळण्याचे काम सतत चालू आहे, तरी सरोवर अजून आम्लच आहे. २०१७ साली ताझावाच्या काठावर कुनिमासूचे संग्रहालय उघडले. तिथले जिवंत मासे यामानाशी प्रांताकडून उसने आणलेले आहेत. ते टाकीत पोहतात, आणि बाहेर ते निळे पाणी दिसते.