रजिस्टरातला ताप

मे २०२०. मुंबईहून माणसं परतू लागली, तसा साताऱ्याच्या डोंगरातल्या एका गावानं धसका घेतला. आलेल्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं, असं कोरोना समितीनं ठरवलं. समितीत सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील. गावच्या आशा स्वयंसेविकेचं, म्हणजे आशाताईंचं, नावही कागदावर होतं, पण बैठकीत त्या रजिस्टर घेऊन दाराशी उभ्या असत. घरोघर फिरून ताप मोजायचा तो त्यांनीच. पगार नाही; कामागणिक मोबदला आणि कोरोनाच्या कामाचे महिन्याला वर १००० रुपये.

एके सकाळी पोलीस पाटील तणतणत आले. “शाळेतल्या बायका पहाटे कुंपणातून बाहेर पडतात. पाचशे रुपये दंड लावा!”

“आशाताई, नावं लिहून द्या,” सरपंच म्हणाले.

“नावं देते आबा, पण आधी कारण लिहून घ्या. संडासाच्या दाराला कडी नाही, आत पाणी नाही. उजाडायच्या आत त्या ओढ्याला जाऊन येतात. दोघींची पाळी आलीय. मेडिकल तालुक्याला, एसटी बंद.”

पोलीस पाटलांनी मान फिरवली. “ताई, असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात.”

“म्हणूनच तर चारचौघांनी केलेल्या यादीत त्या येत नाहीत. टाळेबंदी लागली तेव्हा दिल्लीच्या अत्यावश्यक वस्तूंच्या यादीतही सॅनिटरी पॅडचं नाव नव्हतं. २९ मार्चला वेगळा खुलासा करावा लागला.”

सरपंचांनी विषय बदलला. “एक बरंय, आपल्याकडं बायकांना ताप कमी. रजिस्टर बघा, सगळे गडीच.”

“तपासायला गडी गेले, म्हणून नावं गड्यांची. बाई अडकून पडली तर धार कोण काढणार, सासूला कोण भरवणार? मी गेले की दारातूनच सांगतात, ‘समदं बरं हाय.’ आणि पाठ वळली की खोकला ऐकू येतो.”

सरपंच जरा वेळ गप्प बसले. “मग करायचं काय?”

“त्यांनाच विचारा की.”

त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात अंतर राखून बैठक बसली, आणि बायका बोलल्या. दुसऱ्या दिवशी दाराला कडी लागली, पाण्याचा पिंप आला, बायकांना वेगळी खोली मिळाली, किराण्यासोबत पॅडही येऊ लागले. आजारी बाईच्या घरी डबा पोचवायचं बचत गटानं अंगावर घेतलं, धारेला शेजारी उभे राहिले. आशाताई आणि गटातल्या दोघी समितीत खुर्चीवर बसू लागल्या.

आठवड्याभरात रजिस्टरात बायकांची नावं वाढली. पोलीस पाटील घाबरले. “साथ बायकांत पसरली!”

“ती आधीच पसरली होती, पाटील,” आशाताई म्हणाल्या. “आत्ता कुठं मोजली जातेय.”

वेळेत कळलं म्हणून दोघींना तालुक्याच्या रुग्णालयात हलवता आलं. दोघी बऱ्या होऊन घरी आल्या.

तात्पर्य : ठरवताना ज्यांना विचारलं नाही, त्यांचं दुखणं मोजतानाही सुटतं; आणि मोजणीतून सुटलेला ताप अखेर साऱ्या गावाला चढतो.